मोरोक्कोचे ट्रायलोबाइट: आधी दगड तपासा, मग प्राणी

ट्रायलोबाइट म्हणजे केव्हाच नामशेष झालेला, कवचधारी समुद्री प्राणी; इथे विषय आहे त्याच्या जीवाश्मांचा. एकाच नगात डोकं अस्सल, धडाचे मधले पाच-सहा खंड पुट्टीचे आणि शेपटी भलत्याच प्राण्याची, असा माल मोरोक्कोतून सर्रास येतो. विकणारा त्याला ‘खरा’ म्हणतो, आणि तसं म्हणताना तो अगदीच खोटं बोलतो असंही नाही. म्हणून या परीक्षणात प्रत्येक प्रकाराबद्दल दोनच गोष्टी पाहिल्या आहेत: त्यात साधारण किती भर घातलेली सापडते, आणि ती नेमकी कुठे उघडी पडते.

एर्फूद, रिसानी आणि अलनिफ ही या व्यापाराची मुख्य गावं. डेव्होनियन काळातले, म्हणजे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचे नग जवळच्या अँटी-ॲटलास डोंगररांगेतल्या टणक चुनखडकातून येतात. खोदणारे हातोड्याने दगड फोडतात आणि तुटलेल्या कडेवर गडद, बारीक, वळणदार रेघ शोधतात. ती रेघ म्हणजे कवचाचा आडवा छेद. थोडक्यात, प्राणी हाती लागतो तोच मुळी दुभंगलेला. मग दोन किंवा चार-पाच तुकडे सायनोॲक्रिलेटने (झटपट सुकणाऱ्या गोंदाने) चिकटवायचे, हवेच्या दाबावर चालणाऱ्या टोकदार लेखणीने वरचा दगड उडवत जायचं आणि शेवटी डोलोमाइटच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या भुकटीचा फवारा मारून कवच उघडं करायचं. फोडताना कवचाचे टवके उडतात, काही तुकडे मातीत हरवतात. तिथे भर पडते.

या पद्धतीतच सगळ्यात भरवशाची कसोटी दडलेली आहे. अस्सल नगात भेग असते. ती दगडातून येते, प्राण्याच्या अंगावरून जाते, पलीकडे पुन्हा दगडात शिरते आणि नग उलटा केला की मागेही दिसते. दगडातून कॅल्साइटची (चुनखडकाच्या मूळ खनिजाची) पांढरी शीर गेली असेल आणि ती खंड न पडता प्राण्यातूनही पार होत असेल, तर त्याहून चांगला दाखला नाही. रेझिनमध्ये (साच्यात ओतून कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) अशी शीर रंगवता येते, पण ती कवचाच्या कडेशी अडखळते. उलट, दहा-बारा सेंटीमीटरचा नग, अंगावर एकही भेग नाही, मागचा दगड मात्र दोन ठिकाणी तडकलेला, असं दिसलं तर भेग बुजवलेली आहे किंवा प्राणी वरून बसवलेला आहे. नवखा गिऱ्हाईक भेग बघून नाक मुरडतो आणि गुळगुळीत नग उचलतो. नकली माल खपतो तो याच सवयीवर.

फॅकॉप्स आणि त्याचे भाऊबंद

पहिल्या खरेदीसाठी हाच गट घ्यावा. ड्रोटॉप्स, रीडॉप्स, हॉलार्डॉप्स हे सगळे याच मोठ्या कुळातले. नग मुबलक मिळतात, कवच जाड असतं, आणि मुख्य म्हणजे यांचे डोळे खोटं बोलत नाहीत. या गटाच्या डोळ्यात प्रत्येक भिंग सुटं असतं, दोन भिंगांमध्ये कवचाची भिंत असते आणि भिंगं शिस्तीत, तिरप्या ओळींनी रचलेली असतात. तळहाताएवढ्या ड्रोटॉप्समध्ये ती नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. दहापट मोठं दाखवणाऱ्या हातातल्या भिंगातून पाहावं: डोळ्यातलं अस्सल भिंग गोल, ठसठशीत, कडा स्पष्ट. ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या नकलेत कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि खालच्या ओळी एकमेकींत मिसळतात. कोरलेल्या डोळ्यात ओळी वाकड्या जातात किंवा नुसती चौकटींची जाळी मारलेली असते.

एर्बेनोचिलेचा डोळा तर मनोऱ्यासारखा सरळ उभा आणि वर छज्जा. एका उभ्या रांगेत 18 पर्यंत भिंगं. हा मनोरा हमखास तुटतो आणि हमखास नव्याने घडवला जातो. तिथे रांगा खालपासून वरपर्यंत सलग जुळतात का, एवढंच बघायचं.

मात्र भिंगं दिसत नाहीत म्हणून लगेच नकली ठरवू नये. बहुतेक इतर ट्रायलोबाइटांच्या डोळ्यांत शेकडो सूक्ष्म भिंगांवर एकच पातळ आवरण असतं आणि तो डोळा साध्या भिंगाखाली गुळगुळीतच दिसतो. शिवाय भुकटीचा फवारा जास्त झाला तर अस्सल फॅकॉप्सचीही भिंगं झिजतात. तो नग खराब साफ केलेला म्हणायचा, खोटा नव्हे. किंमत मात्र त्या हिशेबाने उतरायला हवी.

खंडही मोजावेत. फॅकॉप्स गटाच्या पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या धडाला 11 खंड असतात, कॅलिमीनच्या 13, असॅफसच्या 8. पुट्टीतून धड घडवणारा कारागीर पुष्कळदा दहावरच थांबतो, किंवा डावीकडे अकरा आणि उजवीकडे बारा करून ठेवतो. मधला कणा आणि दोन्ही बाजू असे तिन्ही पट्टे वेगवेगळे मोजले की ही गफलत लगेच कळते.

काटेरी प्रकार

वॉलिसेरॉप्स, डायक्रान्युरस, कोनेप्रुसिया, कोम्युरा, सायकोपायगे. सगळ्यात देखणे, सगळ्यात महाग, आणि यांच्याबाबतीत कोणाच्याही शब्दावर विसंबू नये. डायक्रान्युरसची मेंढ्यासारखी वळलेली शिंगं किंवा वॉलिसेरॉप्सचा डोक्यापुढचा त्रिशूळ दगडातून मोकळा करायला कुशल हातालाही डझनावारी तास लागतात. त्यामुळे असा नग फॅकॉप्सच्या भावात मिळत असेल तर त्यावर तेवढं काम झालेलंच नाही, हे उघड आहे. काटे नंतर चिकटवलेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. काम सोपं व्हावं म्हणून मूळ काटा तोडून बाजूला ठेवतात, खालचा दगड काढतात आणि तोच काटा परत त्याच्या बुंध्यावर चिकटवतात. ही मान्य पद्धत आहे. सांध्याशी केसाएवढी रेघ दिसते, काट्याच्या दोन्ही बाजूंचा पोत आणि रंग सारखा असतो, आणि बारीक कण असतील तर ते रेघेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच चालू राहतात. पुट्टीचा काटा मात्र बुंध्यापासून टोकापर्यंत एकसारखा मुलायम, जाडी एकसमान, आणि बुंध्याशी थोडासा फुगवटा, जणू मेणबत्तीवरून ओघळ उतरलाय. आत धातूची तार घातलेले काटेही सापडतात. अस्सल कॅल्साइटचा काटा तुटतो तेव्हा तुटलेली बाजू चमचमते. पुट्टीची बाजू मेणचट, मंद असते.

सगळे काटे शाबूत, सगळे एकाच कोनात आणि डावा-उजवा भाग आरशातल्यासारखा सारखा असेल तर खुशाल शंका घ्यावी. गाळात दबलेला प्राणी कुठेतरी चेपलेला, एखादा काटा मुडपलेला असायचाच. पण विचित्र दिसतो म्हणून खोटा, हेही खरं नाही. गिशलिक आणि फोर्टी या संशोधकांनी 2023 मध्ये वॉलिसेरॉप्सच्या त्रिशुळावर जो अभ्यास छापला त्यात चार दाते असलेला एक अस्सल, जन्मजात व्यंगाचा नग आहे. बाजारात तो आधी दिसला असता तर बहुतेकांनी ‘कारागीर मोजायला चुकला’ म्हणून बाजूला सारला असता.

या गटात महाग नग घ्यायचाच असेल तर क्ष-किरण चित्र मागावं. तार लख्ख दिसते, आणि पुट्टी व कॅल्साइटची घनता वेगळी असल्याने सांधेही कळतात. विक्रेता सच्चा असेल तर निदान काम चालू असतानाचे फोटो त्याच्याकडे असतात: दगडातून अर्धवट बाहेर आलेला प्राणी, काटे अजून दगडात. असे तीन-चार फोटो कोणत्याही लेखी हमीपत्रापेक्षा उपयोगी.

मोठे कँब्रियन नग

अकाडोपॅराडॉक्सिडीस आणि कँब्रोपालास, 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळातले, वीतभर किंवा त्याहून मोठे. सरळ सांगायचं तर सजावट म्हणून घ्या, जीवाश्म म्हणून घेऊ नका. यांचे अस्सल नग बारीक कणांच्या मऊसर पंकाश्मात (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकात) चपटे झालेले असतात. कवच जवळपास उरलेलं नसतं, उरतो तो पिवळट-नारिंगी, गंजासारख्या रंगाचा ठसा. बाजारात मिळतात ते बहुधा फुगीर, तपकिरी-काळे, चकचकीत आणि कडेकडेने कोरून काढलेले. खाली अस्सल दगड, त्यावर अस्सल पण अर्धामुर्धा ठसा, आणि उरलेली आकृती छिन्नीने पुरी केलेली, असंही पुष्कळ. कोरीव भाग ओळखायचा तर तिरप्या उजेडात धरावा. खंडांच्या मधल्या खाचांमध्ये एकाच दिशेच्या समांतर चऱ्या दिसतात आणि खाचेचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा धारदार असतो. निसर्गाची खाच तळाशी गोलसर असते.

कॅलिमीन आणि सुटे गोळे

ऑर्डोव्हिशियन काळातले (सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचे), गोलसर गाठीत सापडणारे स्वस्त नग. गाठ फोडली की एका अर्ध्यात प्राणी आणि दुसऱ्यात त्याची छाप अशी जोडी निघते. दोन्ही अर्धी एकत्र मिळाली तर उत्तम; ती तंतोतंत बसतात का आणि फुटलेल्या कडांचे खड्डे-उंचवटे एकमेकांना जुळतात का, हे बघितलं की काम झालं. एकटा, सुटा, पोटाकडून सपाट आणि जोडेपॉलिश फासल्यासारखा काळा नग मात्र ओतीव असण्याची शक्यता दाट. साच्याच्या दोन भागांची शिवण कडेने फिरलेली असते. ती कानशीने घासून टाकली तरी त्या पट्ट्यात पोत बदलतो.

ओतीव नकलेची खूण म्हणून हवेचे बुडबुडे सगळेच सांगतात, पण अर्धवट. रेझिनमधला बुडबुडा फुटला की पृष्ठभागावर गोल, स्वच्छ कडेचा खड्डा पडतो. रबरी साचा बनवताना साच्यातच बुडबुडा अडकला असेल तर नेमकं उलट होतं: नकलेवर बारीक गोल मणी उठतो, आणि तो बहुधा खाचांच्या कोपऱ्यात, जिथे हवा अडकते. ड्रोटॉप्सच्या अंगावर नैसर्गिक गाठी असतात, त्यामुळे हे मणी त्यांच्यात लपतात. पण गाठींना रचना असते, मणी कुठेही उगवलेले असतात. निर्वात करून ओतलेल्या रेझिनमध्ये बुडबुडे राहतच नाहीत. तेव्हा बुडबुडा नाही म्हणून अस्सल, असं मुळीच समजू नये.

पाच-दहा प्राण्यांच्या फरश्या

टाळा. सगळे पाठ वर करून, सगळे पूर्ण, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि त्यांत कँब्रियन प्राण्याशेजारी डेव्होनियन प्राणी, म्हणजे मध्ये दहा कोटी वर्षांहून जास्त अंतर! प्रत्येकाभोवती बोटभर रुंदीचं एकसारख्या वाळूरंगी लेपाचं वलय असतं. दगडाच्या भुकटीत रेझिन कालवून केलेला हा लेप लांबून दगडच वाटतो. भिंगाखाली मात्र त्यात काहीच नसतं: ना शिंपल्याचे तुकडे, ना समुद्रकमळ या समुद्री प्राण्याच्या देठाच्या चकत्या, ना कॅल्साइटची चमक. अस्सल चुनखडकात या गोष्टी पसरलेल्या असतात आणि लेखणीच्या टोकाचे फिकट, आखूड ओरखडे कवचाच्या अगदी कडेपर्यंत येतात. लेपावर ओरखड्यांऐवजी ब्रशचे फराटे दिसतात. एकाच नगातही हे वलय आढळतं. तिथे कोणता तरी खरा प्राणी दुसऱ्याच दगडात बसवलेला असतो. प्राणी आवडला असेल तर तेवढ्यापुरता भाव द्यावा.

मोरोक्कोबाहेरचं थोडं

अस्सल कसं दिसतं याची नजर बसवायची असेल तर अमेरिकेतल्या युटा राज्यातला, व्हीलर शेल या पातळ थरांच्या खडकातला एलराथिया किंगी घ्यावा. 1 ते 4 सेंटीमीटरचा, काळा, धडाला 13 खंड. पोटाकडे कॅल्साइटचा जाड थर साचल्यामुळे तो शेलमधून आपोआप सुटा होतो, म्हणून तो मुबलक आणि स्वस्त. इतका स्वस्त की नक्कल करणंच परवडत नाही. रशियातला असॅफस कोवालेव्स्की, फिकट चुनखडकावर मधाळ तपकिरी कवच आणि उंच देठांवर डोळे, हा दर्जाने सहसा चांगला असतो. देठ मात्र तुटलेलेच मिळतात, त्यामुळे ‘दोन्ही देठ मूळचे का, आणि याच प्राण्याचे का’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हत्यारं: कोणतं किती कामाचं

दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढ्यावर बहुतेक प्रकरणं सुटतात. बाकी सगळं त्यानंतर.

अतिनील टॉर्च घ्यायचीच तर 365 नॅनोमीटर तरंगलांबीची घ्यावी. 395 ची स्वस्त टॉर्च इतका जांभळा उजेड पाडते की मंद चमक त्यात बुडून जाते. खोली पूर्ण अंधारी हवी, डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवा. गोंद आणि पुष्कळशी रेझिनं निळसर-पांढरी किंवा पिवळट चमकतात. बारीक रेघ चमकली तर ती जोडणी; नखाएवढा पट्टा चमकला तर ती भर. पण कॅल्साइटही स्वतः चमकू शकतं, आणि कापडाचे धागे तर चमकतातच, म्हणून आधी नग ब्रशने झटकावा आणि नुसत्या चमकेपेक्षा चमकेतला फरक शोधावा. रंगद्रव्य घातलेली पुट्टी कधीकधी अजिबात चमकत नाही. अशा वेळी उजळ कवचावर काळा डाग दिसतो, आणि तोच पुरावा.

ॲसिटोन रंग आणि पॉलिश उघडं पाडतं. कापसाचा बोळा किंचित ओला करून आधी मागच्या दगडावर, मग कडेच्या लेपावर, शेवटी कवचाच्या कोपऱ्यावर, दहा सेकंद हलकेच. बोळा काळा झाला तर रंग आहे. पण कवच पक्कं करण्यासाठी वापरलेलं पॅरालॉइड बी-72 सुद्धा ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि ते लावणं गैर नाही. बोळा नुसता चिकट झाला तर थांबावं. घासत राहिलं तर सुटं कवच हातात येईल. कडक झालेल्या पॉलिएस्टर रेझिनवर एवढ्याशा वेळात परिणाम दिसत नाही, त्यामुळे बोळा स्वच्छ निघाला यावरून काही सिद्ध होत नाही.

लाल केलेली सुई शेवटचा उपाय, तोही विक्रेत्याच्या परवानगीने, खालच्या बाजूला, लेपावर. रेझिनमध्ये टोक रुततं आणि प्लास्टिकचा वास येतो, कॅल्साइटला काही होत नाही. ॲसिटोन पूर्ण उडून जाऊन खोलीत हवा खेळल्याशिवाय सुई पेटवायची नाही.

सुट्या, दगड नसलेल्या नगासाठी घनता मोजणं फार चोख. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, दोरा आणि पाण्याचं भांडं पुरे. नग हवेत 135 ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लटकवून 85 ग्रॅम भरला, तर घट 50. 135 भागिले 50 म्हणजे 2.7. कॅल्साइटची घनता 2.71, तेव्हा जमलं. हवेत 90 आणि पाण्यात 40 भरला तर उत्तर येतं 1.8, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेलं रेझिन. निव्वळ रेझिन 1.1 ते 1.3 च्या आसपास राहतं. दगडासह असलेल्या नगाला ही चाचणी लागू नाही, कारण खालचा दगड खराच असतो. शेलमधला नग तर पाण्यात घालूच नये, थर सुटतात.

आम्लाचा थेंब पुस्तकी सल्ला म्हणून ठीक. अस्सल कवच फसफसतं आणि कायमचं खराब होतं. चुनखडीची भुकटी घातलेली नक्कलही फसफसते. म्हणजे नुकसान नक्की, निकाल संदिग्ध.

विक्रेत्याची भाषा

‘जोडलेला’ म्हणजे त्याच प्राण्याचे तुकडे चिकटवले. ‘भर घातलेला’ म्हणजे नसलेला भाग नव्याने केला. ‘जुळवलेला’ म्हणजे दोन किंवा अधिक प्राण्यांचा एक केला. विक्रेता हे तीन शब्द एकमेकांऐवजी वापरत असेल तर तिथेच सावध व्हावं. ‘पाच टक्के भर’ हेही अपुरं आहे. शेपटीच्या काठावरचे पाच टक्के किरकोळ, दोन्ही डोळ्यांचे पाच टक्के म्हणजे नगाचा जीवच गेला. टक्केवारी ऐकून घ्यावी आणि मग ‘फोटोवर लाल रेघेने दाखवा’ म्हणावं. गालाचा एखादा तुकडा नाही म्हणून मात्र नग नाकारू नये: कात टाकताना ट्रायलोबाइटचं डोकं ठरावीक शिवणींवर उकलायचं आणि सुटे गाल निखळून पडायचे. नसलेला गाल ही नैसर्गिक स्थिती, तो हौसेने बसवून देणं ही डागडुजी.

दुरून घेताना पाच फोटो मागावेत: डावीकडून तिरपा उजेड, उजवीकडून तिरपा उजेड, नगाची मागची बाजू, दगडाच्या चारही कडा, आणि डोळ्याचा जवळून. नुसता समोरून, सपाट उजेडात काढलेला एकच फोटो असेल तर भाव कितीही कमी असो, पुढे जावं. त्याच विक्रेत्याचे जुने नगही चाळून बघावेत. दोन नगांवर तोच तुटका काटा, तीच भेग, तोच टवका उडालेला चौथा खंड दिसला की साचा सापडला. नग घरी आला की परतीची मुदत संपायच्या आत अंधार करून टॉर्च मारावी, आणि मुदत देताना विक्रेत्याने ‘ॲसिटोन लावल्यास परत घेणार नाही’ अशी अट घातली असेल तर पैसे देण्याआधीच ती काढून टाकायला सांगावी.